चेहऱ्याचं माप

लोखंडी चिमट्याची दोन टोकं गालाच्या हाडांना टेकली तेव्हा ताईला कळलं, की हा माणूस आईबद्दल काही विचारायला आलेलाच नाही. टोकं गार होती. मूर्तिकारानं चिमटा तसाच उघडा धरून अलगद मागे नेला, तिपाईवरच्या मातीच्या गोळ्याला लावला आणि अंगठ्याच्या नखानं दोन खुणा केल्या. मग पुन्हा आला आणि हनुवटीपासून कपाळापर्यंतचं अंतर धरलं. त्याच्या बोटांना ओल्या मातीचा आणि विडीचा वास होता. "हे काय चाललंय?" तिनं विचारलं. "माप घेतोय, बाई. बोला, पण मान हलवू नका." "माझं कशाला?" तो थांबला. तिला ठाऊक नाही हे त्याला ठाऊक नव्हतं, एवढं त्याच्या तोंडावर दिसलं. "साहेब म्हणाले, आईसाहेब हुबेहूब तुमच्यासारख्या होत्या. फोटो एकही नाही म्हणे. म्हटलं, मग आमचं निम्मं काम झालं. एरवी आम्हाला मेलेल्याच्या नातेवाइकांच्या गप्पांवरून नाक काढावं लागतं. एक म्हणतो सरळ, दुसरा म्हणतो बसकं." तो स्वतःशीच हसला आणि तिच्या नाकाला चिमटा लावला.

आदल्या दिवशी साहेबांचा फोन आला होता. मंत्री झाल्यापासून तो स्वतः फोन लावत नसे. आधी पीए बोलायचा, "साहेब बोलताहेत हं," म्हणायचा, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग तिचा धाकटा भाऊ, ज्याचं नाक तिनं स्वतःच्या बाहीला पुसलं होतं, घसा खाकरून "हां ताई" म्हणायचा. "हां ताई. उद्या एक माणूस येईल. नवीन प्रसूती विभागाला आपण आईचं नाव देतोय, तिथे दारात तिचा अर्धपुतळा बसवायचाय. त्याला जरा मदत कर. तू तिला बघितलंयस." ती बरं म्हणाली. मग सकाळी उठून तिनं खोली झाडली, खुर्च्यांवरच्या गाद्या उलट्या केल्या आणि परक्या माणसाला आईबद्दल काय खोटं सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत बसली. उंच होती सांगावं की ठेंगणी, केस दाट सांगावे की विरळ. खोट्याची तयारी तिनं प्रामाणिकपणे केली होती. आता कळलं, की तेवढ्याचीही गरज नाही. तोंड तयार आहे, नुसतं उचलून न्यायचंय. ती उठू शकली असती. उठली नाही. आपल्या भावाची मजल किती लांब जाते हे तिला एकदा शेवटपर्यंत बघायचं होतं. शाळा नेली, हात नेले, आता तोंड. माणसाचं आणखी काय काय नेता येतं ते बघूच एकदा, असं काहीतरी तिच्या मनात आलं, आणि ती ताठ बसून राहिली.

आई मेली नव्हती. आई निघून गेली होती. एका दुपारी तिनं धुतलेले कपडे दोरीवर घातले, दाराला कुलूप घातलं, धाकट्याला शेजारणीकडे ठेवलं, किल्ली तिलाच दिली आणि गेली. बाप वजनकाट्यावर कारकून होता. ट्रक काट्यावर चढायचे, तो आकडा लिहायचा, ट्रक उतरायचे. घरी येऊनही तो तसाच बोलायचा, आकडा सांगितल्यासारखा. बायको गेल्याचं कळल्यावर तो ओरडला नाही की रडला नाही. त्यानं दाढीचं पातं घेतलं, घरातले सगळे फोटो पुढ्यात घेऊन बसला आणि प्रत्येकातून तिला कापून काढलं. फार नीट कापलं. उरलेले फोटो त्यानं परत पेटीत ठेवले. त्यातल्या एका फोटोत शाळेच्या गणवेशातली ताई उभी होती, शेजारी माणसाच्या आकाराची भोक पडलेली जागा, आणि ताईच्या खांद्यावर एक हात. हात कापायचा राहिला होता, किंवा तो कापला असता तर मुलीचा खांदाही गेला असता म्हणून बापानं सोडला होता. तो हात पुढे कितीतरी वर्षं ताईच्या खांद्यावर तसाच राहिला. धाकटा तेव्हा नुकता बसायला लागला होता. ताईची शाळा सुटली, म्हणजे कुणी सोडायला सांगितली नाही, पण पोराला घरी कोण बघणार हा प्रश्न बापानं वजनासारखा मांडला आणि गप्प बसला. काट्यावर चढली ती.

"ओठ सैल सोडा," मूर्तिकार म्हणाला. "दात आवळताय तुम्ही. जबडा पुढे येतो मग." ती म्हणाली, "तो तसाच आहे." "असू द्या मग. मला काय, जे आहे ते आम्ही करतो." तो मातीची चिमूट काढायचा, हाताच्या तळव्यावर वळायचा आणि गोळ्यावर दाबायचा, दाबताना जीभ ओठाच्या कोपऱ्यात काढायचा. बोलका माणूस होता. त्यानं किती नेत्यांचे पुतळे केले, कुणाच्या वारसांनी पोट आत घ्यायला लावलं, एका कारखानदाराच्या मुलांनी बापाची हनुवटी बदलून घेतली कारण ती मोठ्याकडे गेली नव्हती, धाकट्याकडे गेली होती, हे सगळं तो सांगत होता. ताईला त्याचा राग येत नव्हता. तो भाड्यानं आणलेला होता. राग ज्याचा यायचा त्याचा येऊन येऊन आता नुसता साका उरला होता, वाळलेला, ढवळलं तरच वर येणारा.

बापाच्या पगारात भागेना, म्हणून ताई खाणावळीत भांडी घासू लागली. मागच्या बाजूला सिमेंटचा ओटा, दोन नळ, एक चालायचा. जेवून गेलेल्यांच्या ताटांचा ढीग नाकापर्यंत यायचा. सोड्यानं बोटांची टोकं सोलून निघायची आणि हिवाळ्यात भेगांतून रक्त यायचं, ते ताटाला लागलं तर मालकीण पुन्हा घासायला लावायची. धाकट्याला ठेवायला जागा नव्हती, म्हणून ताई त्याला एका मोठ्या पातेल्यात बसवायची. त्यातून त्याला चढून बाहेर येता येत नसे. हातात एक उलथणं द्यायची. तो पातेल्याच्या काठावरून डोळे वर काढून तिच्या हातांकडे बघत राहायचा आणि मध्येच उलथणं आपटायचा. तेवढंच त्याचं बालपण. पुढे तो शिकला, म्हणजे वर्गात बसला. पुढे इस्पितळाच्या धुलाई विभागात ताईला नोकरी लागली, वाफेच्या रोलरमधून चादरी सरकवायची, आणि त्या चादरींवर त्याचं कॉलेज झालं, कॉलेजातली निवडणूक झाली, पँट इस्त्रीच्या झाल्या. लग्नाची दोन स्थळं आली ती तिनं दारातूनच परत पाठवली, कारण त्याची परीक्षा होती. परीक्षेत तो नापास झाला.

नगरसेवक झाला तेव्हा त्याला काहीच येत नव्हतं. यायचं ते एकच: माणसानं तक्रार केली की त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि चेहरा असा करायचा, की तक्रार करणाऱ्यालाच त्याची दया यावी. वॉर्डात त्यानं पहिलं काम काय केलं, तर बाकं बसवली. जिथे जागा तिथे बाक. गटाराच्या काठाला बाक, भिंतीकडे तोंड करून बाक, एक तर वळणावर असं की बसणाऱ्याचे गुडघे ट्रकला लागावे. प्रत्येक बाकाच्या पाठीवर त्याचं नाव, हातभर अक्षरांत. अख्खा वॉर्ड संध्याकाळी त्याच्या नावाला पाठ लावून बसायचा. ताई त्या बाकांवर कधी बसली नाही. भाजीच्या पिशव्या हात तोडत असल्या तरी उभी राहायची. मग लोक त्याला भाऊ म्हणायला लागले. म्हातारे भाऊ म्हणत, त्याच्या बापाच्या वयाचे दुकानदार भाऊ म्हणत, पोलीस भाऊ म्हणत. सगळ्या गावाचा तो भाऊ झाला तेव्हा ताई एकटीच अशी उरली, जिच्या तोंडून तो शब्द निघेना.

आणि आईची गोष्ट. पहिल्या निवडणुकीत समोरच्या माणसानं कुठूनतरी उकरून काढलं आणि गल्लीच्या तोंडाशी सभेत म्हणाला, ज्याची आई घर सोडून पळाली तो तुमची घरं काय सांभाळणार. दुसऱ्या दिवशी त्याच जागी धाकटा उभा राहिला. ताई धुलाई विभागातल्या बायकांबरोबर मागे उभी होती, कामावरून तशीच आलेली, अंगाला वाफेचा वास. तो बराच वेळ बोलला नाही. मग हळू म्हणाला, "माझी आई पळाली नाही. माझी आई उष्टी ताटं घासत होती. मला पातेल्यात बसवून घासत होती. हिवाळ्यात तिच्या हातातून रक्त यायचं. घासता घासता ती गेली." एवढं बोलून खाली उतरला. बायका डोळे पुसत होत्या. ताईच्या शेजारी तिची जोडीदारीण होती, रोलरच्या पलीकडच्या टोकाला चादर धरणारी, सगळं माहीत असणारी. ती म्हणाली, "अगं, हे तर तुझं..." ताईनं तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की ती गप्प झाली. एक निवडणूक आहे, ताईला वाटलं. जिंकू दे, मग सांगेल. घरी येऊन तो म्हणाला, "कसं झालं भाषण?" आणि जेवायला बसला. दोनदा वाढून घेतलं.

ती एक निवडणूक संपलीच नाही. आई प्रत्येक भाषणात मरत राहिली. आमदारकीच्या वेळी ती थंडीत मेली, पुढच्या वेळी तापात, एकदा तर औषध बाजूला ठेवून पोराला दूध देऊन मेली. पक्ष बदलायची वेळ आली की ती त्याच्या स्वप्नात येऊ लागली. "काल रात्री आई आली होती," तो मंचावरून सांगायचा, "म्हणाली, बाळा, जिथे लोकांचं भलं तिथे जा." दर वेळी लोकांचं भलं सत्तेच्या बाजूला असायचं. आयुष्यात वजनकाट्याच्या पलीकडचं जग न बघितलेल्या बाईला मेल्यावर राजकारणाची एवढी जाण आली कुठून, असं कुणीही विचारलं नाही. विचारणार कोण, सगळ्यांनाच आया होत्या. आणि खरी आई या सगळ्या काळात जिवंत होती. दुसऱ्या शहरात, एका शिवणकाम करणाऱ्या माणसाबरोबर, त्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. गेली ती धाकटा मंत्री व्हायच्या थोडं आधी. कुणीतरी निरोप आणला. ताई धावत त्याच्या कार्यालयात गेली, माणसांना बाजूला सारून आत शिरली आणि म्हणाली, "आई गेली." त्यानं वर बघितलं, समोर बसलेल्या ठेकेदाराकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, ती तर केव्हाच गेली ना."

ताई एकटी गेली. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शिवणाऱ्या म्हाताऱ्यानं तिला मशीनजवळच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, तू मोठी ना, म्हणाला. भिंतीवर आईचा फोटो होता. गोल चेहरा, सगळे दात दाखवून हसणारी, मान एका बाजूला, जणू फोटो काढणाऱ्यानं काहीतरी चावट बोललं होतं. ताई त्या फोटोकडे बघत राहिली. तिला राग आला नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं. अख्ख्या घरात एकटीच अशी निघाली जी जायचं म्हणाली आणि गेली, कुणाच्या नावावर काही न खपवता. आणि त्या चेहऱ्यातलं काहीएक ताईच्या चेहऱ्यात नव्हतं. ताई बापावर गेली होती: लांब जबडा, खोल डोळे, आकडा सांगणारे ओठ. हुबेहूब म्हणे.

मूर्तिकार तीनदा आला. पहिल्या दिवशी कवटी झाली, दुसऱ्या दिवशी तीत माणूस आलं. ताईनं बघायचं टाळलं होतं. पण चहाचे कप आणायला उठली तेव्हा दिसलंच. मातीतून ती स्वतः बघत होती. डोळ्यांखालच्या घड्या, ओठाची डावी बाजू किंचित खाली, आणि ती नजर. आरशात ती अशी कधी दिसली नव्हती. आरशात बघताना माणूस स्वतःकडे बघतो. ही नजर दुसऱ्याकडे होती. दोन दिवस ती भावाचा विचार करत बसली होती, आणि या विडीबाज माणसानं समोर दिसलं ते केलं होतं. "कसं वाटतंय?" त्यानं विचारलं. "कोण आहे ही?" ती म्हणाली. तो हसला. "पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात."

नेमका त्याच दिवशी धाकटा आला. आधी खाली गाड्यांची दारं वाजली, मग जिन्यावर बूट, मग पीए दारात येऊन खोली डोळ्यांनी तपासून गेला, आणि मग तो. मंत्री झाल्यापासून त्याची मान मागे गेली होती. समोरचा कुठूनतरी खालून बोलतोय असं ऐकायचा. पांढरे स्वच्छ कपडे, हाताला क्रीमचा वास. "दहाच मिनिटं आहेत, ताई," असं म्हणत तो खुर्चीवर बसला, तिच्या चहाच्या कपातूनच एक घोट घेतला. ही त्याची लहानपणची सवय होती आणि तेवढ्यानं क्षणभर ताईच्या छातीत काहीतरी हललं, ते तिनं तिथल्या तिथे दाबलं. मग त्याची नजर तिपाईकडे गेली. तो बघत राहिला. मान हळूहळू पुढे आली, आपल्या जागी. कप त्यानं न बघता खाली ठेवला.

"अशी काय बघते ही?" तो म्हणाला.

"कशी?" ताई म्हणाली.

"अशी... म्हणजे, आई अशी बघायची?"

"तुलाच ठाऊक. हुबेहूब तूच म्हणालास."

तो उठून पुतळ्याच्या बाजूला गेला, मग दुसऱ्या बाजूला. कुठूनही गेला तरी ती बघत होती. "डोळे बदला," तो मूर्तिकाराला म्हणाला. "आई आहे ही. माया पाहिजे. प्रसूती विभागाच्या दारात बसवायचीय, बाळंतिणी घाबरतील." पीए हसला, मग साहेब हसत नाहीत बघून थांबला. "होईल साहेब," मूर्तिकार म्हणाला, "ओठ थोडे उचलले की काम होतं." ताईनं पीएला खाली जायला सांगितलं. पीएनं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली. मूर्तिकार विडी ओढायला गॅलरीत गेला. जुन्या खोलीत दोघंच उरली, आणि ती मातीची तिसरी.

"एक कर," ताई म्हणाली. "चेहरा घे. बसव दारात. पण खाली नाव माझं घाल. भांडी मी घासली. एकदा सांग लोकांना. आता तर मंत्री झालास, आता कुणाला भितोस?"

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि चेहरा तसा केला, ज्यानं तक्रार करणाऱ्यालाच त्याची दया यावी. वॉर्डातल्या गटारावर जो चेहरा तो करायचा तोच. "ताई, भीती नाही गं. पण तूच सांग, बहिणीसाठी कोण रडतं? मी उद्या म्हटलं, मला बहिणीनं वाढवलं, तर लोक म्हणतील बरं झालं, आणि घरी जातील. आई म्हटलं की प्रत्येकाला स्वतःची आठवते. लोक माझ्यासाठी रडत नाहीत, ते मला काय कळत नाही?" मग जरा थांबून, खरंच समजूत घालावी तसं, "आणि तुझं काय जातंय? तोंड तर तुझंच राहणार ना तिथे."

"हात काढ," ती म्हणाली.

त्यानं काढला. खिडकीकडे गेला. खाली गाडीशी जमलेली माणसं त्याला बघून हलली असावीत, कारण त्याचा हात आपोआप वर झाला. पाठमोराच म्हणाला, "मला ती आठवत नाही, ताई. खरंच सांगतो. आई म्हटलं की मला तूच दिसतेस. पातेलं दिसतं, तुझे हात दिसतात. मी खोटं बोलतो असं तुला वाटतं. मी जे दिसतं तेच बोलतो." हे बोलताना त्याचा आवाज भाषणासारखा नव्हता. आणि ताईला सगळ्यात जास्त घाण त्याचीच वाटली. नुसता खोटारडा असता तर ती थुंकून मोकळी झाली असती. याच्या पोटात कुठेतरी खरं होतं, आणि त्या खऱ्याचंही त्यानं दुकान मांडलं होतं. मायेपोटीही त्याला चोरीच सुचत होती. "जा आता," ती म्हणाली. "दहा मिनिटं झाली." जाताना तो दारात थबकला आणि मूर्तिकाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "डोळे मात्र करून घ्या."

तिसऱ्या दिवशी मूर्तिकारानं ओली फडकी सोडली, पुतळ्यावर पाणी शिंपडलं आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. "बाई, आता जरा तुमची मदत पाहिजे. ओठ मी उचलून बघितले काल, दुकानात. हसतेय असं दिसत नाही, दात दुखताहेत असं दिसतं. हसू डोळ्यांतूनच यावं लागतं. तेव्हा असं करा, कुणाचातरी विचार करा. तुमच्या जिवाचं कुणीतरी. लहान मूल वगैरे. मी झटकन धरतो." तिनं विचारलं, "नाहीच आलं तर?" "तर तयार माया आहे ना माझ्याकडे. साचाच आहे. डोळे असे, गाल असे. कितीतरी आयांना लावलीय मी ती. पण मग बाकीचा चेहराही तिला जुळवून घ्यावा लागतो. गाल भरावे लागतात, जबडा मागे जातो. मग ती तुम्ही राहणार नाही, एवढंच."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. समोरच्या गच्चीत कुणाच्यातरी चादरी वाळत होत्या, कोपरे न जुळवता घातलेल्या. विचार करा, म्हणे. तिला विचार करावा लागला नाही. ढीग होता ताटांचा. बहुतेक हिवाळा असावा, कारण बोटं ओढल्यासारखी होत होती. एक नळ चालत होता. पाठीमागे पातेल्यात उलथणं आपटायचं थांबलं, फार वेळ थांबलं, म्हणून तिनं वळून बघितलं. पातेल्याच्या काठावर दोन मुठी होत्या, आणि दोन मुठींच्या मध्ये डोकं. तो पहिल्यांदाच स्वतःच्या पायांवर उभा राहिला होता, आत, तोल सावरत. तिच्याकडे बघून त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "आई." चुकून नव्हे. विचारल्यासारखं नव्हे. ठरवून. तिचे हात साबणात होते. काय झालं तिला ते तिला आजही सांगता आलं नसतं. आतून काहीतरी वर आलं, गळ्यापर्यंत, डोळ्यांपर्यंत, सगळा चेहरा त्यानं भरून गेला. कुणी बघितलं नाही. बापानं नाही, मालकिणीनं नाही, त्या पातेल्यातल्या पोरानं बघितलं तेवढंच. मग ती हात निथळवत त्याच्याजवळ गेली, वाकली, आणि त्याला म्हणाली, "ताई म्हण. ता-ई." तो म्हणेना. ती म्हणत राहिली, तो म्हणेपर्यंत. त्याला खरं ठाऊक असावं म्हणून. तिनं त्याला शिकवलेली ती पहिली गोष्ट होती.

"हां," मूर्तिकार अगदी हळू म्हणाला. "हां, हेच. हलू नका." त्याचा हात हत्याराकडे गेला होता. ताईला स्वतःचा चेहरा कळला. गाल वर आलेले, पापण्या ओल्या. मातीपासून तो वीतभर अंतरावर होता. म्हणजे हेही. हेही दारात बसायचं, याच्यापुढेही फीत कापायची, याच्याकडे बोट दाखवून त्यानं घसा दाटून आणायचा, आणि निवडणूक आली की हे त्याच्या स्वप्नात यायचं. तिनं मान वळवली. नुसती वळवली नाही, उठली. खुर्ची मागे सरकून भिंतीला आपटली.

"अहो बाई, आलं होतं," मूर्तिकार कळवळून म्हणाला. "तुम्ही बघितलं नाही, काय आलं होतं."

"तुमची ती तयार असेल ती लावा," ताई म्हणाली.

"पण मग चेहरा तुमचा..."

"हो. तेच."

मग त्यानं दोन्ही अंगठे मातीच्या डोळ्यांवर ठेवले आणि एकदम आत दाबले. ताई कप धुवायला आत गेली.

समारंभाला तिला पहिल्या रांगेत बसवलं. गाडी पाठवली होती. पीएनं दार उघडून धरलं. विभाग नवा होता, सगळीकडे रंगाचा वास. धुलाई विभाग पाडून तो बांधला होता हे ताईला बसल्यावर, खांबांच्या मधल्या अंतरावरून कळलं. जिथे मंच होता तिथे रोलर होते. तिच्या मागे कुणी बसलेलं म्हणत होतं, "काय चढलाय बघ माणूस. आमच्या गल्लीत बाकं बसवायचा." दुसरा म्हणाला, "बाकं मोडली रे सगळी." पडदा ओढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दगडी चौथऱ्यावर एक भरल्या गालांची, मागे गेलेल्या जबड्याची, मऊ मऊ डोळ्यांची बाई होती. ती कुणाचीही आई होती. बिस्किटाच्या पुड्यावर चालली असती.

धाकटा बोलायला उभा राहिला. "माझी आई," तो म्हणाला आणि नेहमीसारखा थांबला. हा थांबा ताईला पाठ होता. इथे तो वळून बघायचा, पूर्वी आभाळाकडे, आज पुतळ्याकडे. तो वळला. बघितलं. थांबा संपला, तरी तो बोलेना. त्याचे डोळे त्या मऊ दगडावर इकडून तिकडे फिरले, काहीतरी शोधत, आणि सापडेना. त्याच्या आठवणीत पातेलं असेल, हात असतील, साबण असेल. हातांच्या वर आता ही परकी बाई त्याच्याकडे बघून हसत होती. सभागृहात कुणीतरी खोकलं. पीएनं कागद पुढे केला, तो त्यानं घेतला नाही. मग त्याची नजर पहिल्या रांगेकडे वळली, एकेक खुर्ची सोडत, घाईनं, पातेल्याच्या काठावरून यायची तशी, ती एक ओळखीची जागा शोधत.

ताईच्या चपला नव्या होत्या आणि बसल्यापासून चावत होत्या, म्हणून तिनं त्या खुर्चीखाली सोडून ठेवल्या होत्या. ती खाली वाकली. एक चप्पल पायात सरकवली आणि पट्टा लावायला घेतला. भोक लहान होतं, काटा आत जात नव्हता. वर सगळं शांत होतं. तिला घाई नव्हती.